तिसरं पेडल

कार्देनास
शुक्रवार, ५ नोव्हेंबर १९९३

सेवेरिनो,

काल, गुरुवार दिनांक ४ नोव्हेंबर रोजी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी आमची गाडी तुझ्या गॅरेजातून परत आली. वेळेत चूक नाही. तुझा जावई हसिन्तो बारा वाजता पोचणार होता, त्यामुळे मी तीन तास दारात घड्याळ घेऊन उभी होते. त्याने गाडी फुटपाथला लावली, किल्ली माझ्या हातात कोंबली आणि पाण्याचा पेलासुद्धा न घेता कोपऱ्याकडे सुटला. मला वाटलं, बिचाऱ्याला कोलोनचा ट्रक गाठायचा असेल. आता कळतं, तो ट्रकच्या मागे नव्हता धावत, माझ्या पुढे धावत होता.

एलादिओ सकाळपासून दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसला होता. कुबड्यांवर फुटपाथपर्यंत आला, छताची कड धरून गाडीत बसला, उरलेला पाय आत घेतला. मग बुटाच्या टोकाने त्याने एकेक पेडल चाचपलं, अनोळखी जिन्यावरून उतरताना पायऱ्या चाचपतात तसं. एक. दोन. तीन. मी वाकून पाहिलं. तीनच होती.

तो वीस मिनिटं तसाच बसून राहिला. नंतर म्हणाला, "ओतिलिया, कॉफी असली तर दे." आणि कॉफी न पिता खोलीत जाऊन पडला.

सेवेरिनो, क्लच डाव्या पायाने दाबतात. तो पाय ९ फेब्रुवारीला मांडीपासून कापला, तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या शेजारी तूच बसला होतास. म्हणजे ठाऊक नव्हतं म्हणायची सोय तुला नाही. त्या गाडीला चौपन्न सालापासून क्लच नव्हता. दोन पेडलं: एक चालायला, एक थांबायला. साखरेच्या आजाराने पाय नेला त्यानंतर एलादिओ पहिल्यांदा हसला तो त्या गाडीत बसून. "बघ, हिला चाळीस वर्षांपूर्वीच ठाऊक होतं," असं म्हणाला होता. एकतीस वर्षं ज्याने कार्देनास ते कोलोन बस चालवली, तो माणूस घरात पाहुण्यासारखा बसतो. गाडीत बसला की बोलतो. महिन्याला रेशनवर मिळणाऱ्या पेट्रोलात आमचे चार रविवार होत: बंदरापर्यंत जायचं आणि यायचं. तेवढंच त्याचं उरलं होतं.

जूनपासून गिअरबॉक्स घसरू लागला, हे मीच तुला कळवलं होतं. इंजिन ओरडायचं आणि गाडी गोगलगाईसारखी सरकायची. एका रविवारी तर तो असा घसरला की गाडी थेट बेकरीच्या पायरीवर चढली. एलादिओ घरी आला तो पांढराफटक होऊन. त्यावर २८ ऑगस्टचं तुझं पत्र आहे, माझ्या खणात: "पट्टा नवा टाकतो, सील नवी कापतो, काळं तेल काढून ताजं भरतो, तीन आठवडे लागतील." सप्टेंबरात गाडी ट्रकमागे बांधून तुझ्याकडे नेली, तेव्हा एलादिओ स्वतः तिच्यात बसून गेला आणि दोन दिवस तुझ्याकडे राहिला. त्याच्या डोळ्यांदेखत तू गिअरबॉक्स उतरवलास. आणि पाठवलंस काय, तर रशियन व्होल्गा गाडीचा गिअरबॉक्स, ट्रॅक्टरचं पेडल आणि जमिनीच्या पत्र्याला पाडलेलं भोक.

नन्सच्या शाळेत सिस्टर इमाकुलादा आम्हाला तक्रारअर्ज शिकवायच्या: तारीख, वेळ, घटना, मागणी, आणि विशेषण एकही नको. म्हणून तुला काय म्हणायला हवं ते इथे लिहिलेलं नाही. मागणी अशी की जुना गिअरबॉक्स दुरुस्त करून परत बसव. २० नोव्हेंबरच्या आत लेखी उत्तर दे. हसिन्तोबरोबर निरोप पाठवू नकोस, तो थांबत नाही.

ओतिलिया


कोलोन
१६ नोव्हेंबर १९९३

कोमाद्रे,

बाप्तिस्म्याच्या दिवशी तुम्ही दोघांनी माझ्या लेकीला, बेलकिसला, हातावर घेतलंत, तेव्हापासून तुम्ही माझ्या कोमाद्रे आहात. मला झोडपायचा तुमचा हक्क आहे. विशेषण एकही नव्हतं, तरी पत्र हातात धरवत नव्हतं. बायकोने वाचलं आणि म्हणाली, "बाईंनी तुला सोलून मीठ लावलंय. बरं केलं."

आता माझी बाजू. तेल काढलं ते मळीसारखं काळं आणि जळक्या साखरेच्या वासाचं. आतल्या चकत्या चर्चमधल्या प्रसादाच्या पापडीइतक्या पातळ झालेल्या. पट्टा झिजून गुळगुळीत. हे सामान चाळीस वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून यायचं. आज मी कुठून आणू? तुम्हाला माहीत आहे, इथे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बिघडला की माणूस विचार करत नाही, व्होल्गाचा डबा शोधतो. या गावातल्या सगळ्या जुन्या अमेरिकन गाड्यांच्या पोटात व्होल्गाच आहे. वीस वर्षं हेच करतोय. हात आपोआप तिकडे गेला.

पायाचं लक्षात यायला हवं होतं. नाही आलं. समोरचा पंक्चरवाला रोज विचारतो, "काय सेवेरिनो, एका पायाच्या माणसाला क्लच दिलास, आता टकल्याला कंगवा कधी देतोस?" मी ऐकून घेतो.

क्लच हाताने दाबायचा दांडा बसवता येईल का, बघतो. घाई करू नका. नळी मिळायला हवी, आणि नळी मिळेपर्यंत काहीही होऊ शकतं.

एलादिओ कसा आहे? रोजचा पेपर वाचतो का अजून? फाटकापर्यंत एकटा जातो का? लिहा.

तुमचा,
सेवेरिनो


कार्देनास
२५ नोव्हेंबर १९९३

सेवेरिनो,

"लक्षात नाही आलं" हे उत्तर माझ्या वर्गात आठवीतली मुलं देत. त्यांना मी बाकावर उभं करत असे. तू बावन्न वर्षांचा आहेस. बाक तुला पेलणार नाही, नाहीतर आलेच असते.

सामान मिळत नाही म्हणतोस. त्र्याहत्तर साली डेपोतल्या बसचा पंप तू खाटेच्या लोखंडाचा केला होतास, ही गोष्ट एलादिओने मला इतक्या वेळा सांगितली आहे की मीच तो पंप केला असं मला वाटू लागलंय. त्या सेवेरिनोला चामड्याची सील कापता येत नाही? पट्ट्याला अस्तर लावता येत नाही? आणि हाताचा दांडा मला नको. एका हातात क्लच, दुसऱ्या हातात गिअर, मग स्टिअरिंग काय दातांनी धरायचं?

एलादिओ कसा आहे विचारतोस, तर ऐक. कुबड्यांवर अंगणात जातो, भिंतीला हात लावत. फाटकापर्यंत जात नाही. कुठे जायचं असेल तर जाणार ना? पेपर मी त्याला वाचून दाखवते, वर्षभर झालं. छपाई तशीच झाली आहे. कागद नाही म्हणून चार पानं, शाई अशी की झुरळ पाण्यात बुडवून पानभर फिरवलंय असं वाटतं. मलासुद्धा खिडकीत जावं लागतं. गिअरबॉक्सच्या पत्रात तुला पेपर कशाला आठवला, ते काही कळलं नाही.

काल रात्रीच्या जेवणाला रताळी होती. तुझं पत्र मी त्याला मोठ्याने वाचून दाखवलं. टकल्याच्या कंगव्याला तो हसला. मला राग आला.

"हसतोस काय," मी म्हटलं. "तुझी गाडी नासवली त्याने."

"जाऊ दे ना, ओतिलिया. गाडी आहे ती, घोडा नाही. उभी राहिली म्हणून उपाशी नाही मरत."

"आणि रविवार?"

"रविवारी झोपू."

चौसष्टाव्या वर्षी कुणी असं बोलतं का? हा एलादिओ नव्हे. पाय कापल्यावरसुद्धा तो असा नव्हता. हे तू केलंस, सेवेरिनो. त्याचा पाय साखरेने नेला आणि उरलेलं तुझ्या त्या पेडलाने. मी वाचून संपवलं तेव्हा तो म्हणाला, "छान लिहितो सेवे. तू काय उत्तर देणार?" मी म्हटलं, बघशील. त्याला माझी पत्रं ऐकायला आवडतात. दिवसभरात तेवढंच काहीतरी आवडतं.

जुना गिअरबॉक्स कुठे आहे? एका ओळीत सांग.

ओतिलिया


कोलोन
१० डिसेंबर १९९३

कोमाद्रे,

एका ओळीत: गिअरबॉक्स राहिला नाही.

सुटा केला. ड्रम एकाने नेला, पंप दुसऱ्याने, कवच शेतात पंपाखाली बैठक म्हणून गेलं. इथे काही पडून राहत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

माझ्यावर रागवा, हवं तितकं. पण शोधाशोध करू नका. तब्येत सांभाळा. एलादिओला त्याच्या मनासारखं बसू द्या. माणूस एकतीस वर्षं गाडी चालवून दमतही असेल.

बेलकिसला दिवस गेले आहेत. तेवढं एक चांगलं.

सेवेरिनो


कार्देनास
२ जानेवारी १९९४

सेवेरिनो,

दमला असेल म्हणे. तुझ्या तोंडाला कुलूप घालायला हवं, पण ते गावभर शोधूनही मिळालं नसतं. तुझ्यासाठी दुसरंच काही शोधलं आहे, आणि ते मिळालं.

निल्दा नावाची माझी एक विद्यार्थिनी लोस आराबोसला असते. भूगोलात ढ, पण मनाने चांगली. तिच्या सासऱ्यांची अशीच चौपन्न सालची गाडी कोंबड्यांच्या खुराड्यात उभी आहे. इंजिन फुटलेलं, पण गिअरबॉक्स शाबूत. हे मला मासळीच्या रांगेत कळलं. २८ डिसेंबरला उसाच्या ट्रकवर उभी राहून गेले. वाटेत दोनदा उतरवलं, नऊ किलोमीटर चालले. खुराड्यात शिरून तेल मोजायची पट्टी मी स्वतः ओढून काढली. एलादिओ नेहमी सांगतो तसं, बोटावर घेऊन चोळलं आणि हुंगलं. लाल, स्वच्छ, जळका वास अजिबात नाही. गेली वीस वर्षं त्यावर कोंबड्या अंडी घालत होत्या, तेवढाच काय तो वापर.

बदल्यात माझ्या आईचं शिवणयंत्र दिलं. निल्दा म्हणाली, "टीचर, विचार करा." मी म्हटलं, मी विचार करूनच ट्रकवर चढले.

१८ जानेवारीला साखर कारखान्याचा ट्रक तो गिअरबॉक्स तुझ्या दारात उतरवेल. महिनाअखेर गाडी बांधून मी आणि एलादिओ तिथे येऊ. तू बसवायचा, मी समोर खुर्ची टाकून बसणार. ते ट्रॅक्टरचं पेडल तू स्वतःच्या हाताने काढायचं आणि भोक पत्र्याने बुजवायचं.

एलादिओला मी वर्षाच्या शेवटच्या संध्याकाळी सांगितलं. आमच्याकडे सणाचं डुकराचं मांस नव्हतं, रात्री बाराला खायची द्राक्षं नव्हती, वीज नव्हती. म्हटलं, निदान ही बातमी तरी वाढावी. मी सगळं सांगितलं, कोंबड्या, ट्रक, तेलाचा रंग. त्याने विचारलं, "यंत्र दिलंस?" मी हो म्हटलं. मग तो रडला, सेवेरिनो. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी त्याला दोनदा रडताना पाहिलं होतं, हे तिसरं. आनंदाने माणूस असा हमसून रडतो हे मला माहीत नव्हतं. नंतर जेवला नाही, म्हणाला, पोट भरलंय.

दोन दिवस झाले, नीट झोपत नाही. खाटेवर उठून बसतो. लहान मुलाला सहलीआधी होतं तसं होत असावं.

तुझं कबुलीचं उत्तर लवकर पाठव.

ओतिलिया


कोलोन
१० जानेवारी १९९४

कोमाद्रे,

हे पत्र टपालाने पाठवत नाही, हसिन्तो आणून देईल. तुम्ही माझी पत्रं एलादिओला वाचून दाखवता. हे दाखवू नका. स्वयंपाकघरात जा, दार लावा आणि एकट्याने वाचा.

मी त्याला शब्द दिला होता, तो मोडतोय. तुम्ही तो गिअरबॉक्स शोधला नसतात तर मोडला नसता. तुमच्या शिव्या खात राहिलो असतो, अजून वीस वर्षं.

सप्टेंबरात तो गाडीत बसून आला, त्याच्या दुसऱ्या दिवसाची गोष्ट. मी गाडीखाली होतो, तो खोक्यावर बसला होता. तेल परातीत उतरत होतं. त्याने हसिन्तोला पाणी आणायला पाठवलं आणि मला विचारलं, "सेवे, तेलाचा रंग कसा आहे?"

मी म्हटलं, "परात तुझ्या पायाशी आहे. दिसत नाही का? काळं आहे."

"नाही दिसत," तो म्हणाला. "तेच सांगायला आलोय."

कोमाद्रे, उजव्या डोळ्याला आता फक्त कडेकडेचं दिसतं, मध्ये राखाडी डाग आहे. डाव्याने चाळणीतून पाहिल्यासारखं. साखरेनेच केलंय, पायासारखं. पाय कापायच्या आधीपासून सुरू होतं. डॉक्टरला सांगितलं नाही, कारण तुम्ही शेजारी उभ्या असायचात.

बेकरीचं मला, गिअरबॉक्स घसरतो म्हणून तुम्ही कळवलंत, त्या पत्रातच खटकलं होतं. घसरणारा गिअरबॉक्स गाडीला पायरीवर चढवत नाही. तो उलटं करतो: इंजिन ओरडतं आणि गाडी जागेवर रेंगाळते. पायरीवर गाडी चढते ती चालवणाऱ्याने चाक फिरवलं म्हणून. बेकरीतून एक बाई बाहेर येत होती, एका हातात पाव, कडेवर मूल. ती त्याला दिसली नाही. तिची किंकाळी ऐकू आली तेव्हा त्याने आवाजाच्या उलट्या बाजूला चाक फिरवलं. वीतभर अंतर राहिलं असेल, म्हणाला, पण तेही त्याला लोकांनी सांगितलं.

"एकतीस वर्षं," तो म्हणाला, "सेवे, माझ्या बसखाली कोंबडी नाही आली."

मी म्हटलं, "ओतिलियाला सांग."

"सांगितलं तर काय होईल? ती शेजारी बसेल आणि म्हणेल, डावीकडे घे, आता थांब, आता कुत्रं आडवं आलंय. पाय गेल्यापासून ती माझा पाय आहे. आता डोळेही व्हायचे तिने? आणि तिला ठाऊक झालं की ती माझ्याशी हळू आवाजात बोलायला लागेल. हॉस्पिटलात बोलत होती तशी. ते मला नको आहे. तू तिथे तिसरं पेडल लाव. ती तुला झोडपेल. तुझी पाठ रुंद आहे."

"आणि तू?"

"ती चिडलेली असते तेव्हा घर घरासारखं वाटतं."

म्हणून लावलं. जमिनीच्या पत्र्याला भोक पाडताना तो शेजारी बसला होता. आवाज बंद झाल्यावर म्हणाला, "झालं?" मी म्हटलं, झालं. मग बाहेर गेला आणि कुंपणाला टेकून बराच वेळ उभा राहिला.

अजून एक खोटं आहे माझं. जुना गिअरबॉक्स सुटा केला नाही. मला मोडकी वस्तू मोडकी ठेवता येत नाही. पट्ट्याला कापणीयंत्राच्या ब्रेकचं अस्तर लावलं, सील चामड्याची कापून मेणात बुडवली, ड्रम घासला, बाकावर ठेवून हाताने फिरवला. धरतो. गोणत्यात गुंडाळून खाटेखाली ठेवलाय. बायको रोज त्याला ठेचकाळते आणि मला शिव्या देते.

म्हणजे तुम्ही म्हणालात तर त्याच दिवशी बसवून देतो. लोस आराबोसच्या डब्याचीही गरज नाही. पण मग किल्ली तुम्ही त्याच्या हातात ठेवायची. मी ठेवणार नाही.

यंत्राचं वाईट वाटलं. आमच्या बेलकिसचा बाप्तिस्म्याचा झगा त्यावरच शिवला होतात.

सेवेरिनो


कार्देनास
शनिवार, १५ जानेवारी १९९४

सेवेरिनो,

तुझं पत्र गुरुवारी संध्याकाळी मिळालं. या वेळी हसिन्तो थांबला, पाणी प्यायला आणि माझ्याकडे न बघता गेला. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. कोलोनात पंक्चरवाल्यापर्यंत कुणाकुणाला ठाऊक आहे कोण जाणे. ठाऊक नव्हतं फक्त या घरात राहणाऱ्या बाईला.

तुझ्यावर मी विश्वास ठेवला नाही. तू दोन पत्रांत खोटं बोललास, तिसऱ्यात खरं कशावरून? काल, शुक्रवारी, सकाळी साडेसात वाजता त्याची कॉफी नेहमीच्या जागेवर न ठेवता वीतभर उजवीकडे ठेवली. त्याने नेहमीच्या जागी हात नेला. टेबल चाचपलं. हात मागे घेतला, मांडीवर ठेवला, आणि अगदी सहज विचारलं, "आज कॉफीला उशीर का?" कप त्याच्या नाकासमोर वाफाळत होता. फुटाण्यांची भेसळ असलेली का होईना, कॉफीचा वास येतो. वासावरून त्याला कळलं असणार की कप कुठेतरी आहे. पण कुठे, ते विचारलं तर मला कळेल, म्हणून त्याने उशिराचं विचारलं. मी म्हटलं, "चूल पेटत नव्हती, ही घे," आणि कप सरकवला.

पस्तीस वर्षं मी मुलांना नकाशा वाचायला शिकवला. कोणत्या मुलाला फळा दिसत नाही ते मला पहिल्या आठवड्यात कळायचं. त्यांच्या आईबापांना बोलावून मी सुनावायची, "तुम्हाला घरात दिसत कसं नाही?" वर्षभर मी माझ्या नवऱ्याला पेपर वाचून दाखवला आणि शाईला शिव्या घातल्या. तो भिंतीला हात लावून चालला, मी म्हटलं कुबडी टोचत असेल. तो रडला, मी म्हटलं आनंदाने. त्याच्यासमोर बसून मी तुला कोंबड्यांची अंडी आणि तेलाचा रंग कळवत होते, आणि त्याला कळत होतं की मी, नऊ किलोमीटर चालून, त्याला परत त्या बेकरीपुढे नेऊन बसवते आहे.

तुला मी माफ केलेलं नाही. तुम्ही दोघांनी परातीशेजारी बसून ठरवलंत की ओतिलियाला रागावू द्या, तिला तेच जमतं. खरं असेल. पण मला विचारलं असतंत तर हळू आवाजात न बोलायचंही मला जमलं असतं.

आता कामाचं.

त्याला मी काही बोललेले नाही आणि बोलणार नाही. पुढच्या मंगळवारी पायाचा उरलेला भाग दाखवायचा म्हणून त्याला मातान्सासच्या हॉस्पिटलात नेते आहे. तिथे डोळ्यांच्या डॉक्टरांना आधी एकटीने भेटेन. फार आशा नाही. जे गेलं ते परत येत नाही, हे मला पायाच्या वेळी समजावून सांगितलेलं आहे.

पण गाडीचं काय करायचं? महिनाअखेर गिअरबॉक्स बसणार हे मी त्याला सांगून बसले आहे. रोज सकाळी तो विचारतो, "सेवेचं पत्र आलं?" मी नाही म्हटलं की अर्धा पाव तसाच ठेवतो. मी आपणहून "राहू दे आता गाडी" म्हटलं तर त्याला त्याच क्षणी कळेल की मला कळलं. मी आजवर कधी काही राहू दिलेलं नाही.

म्हणून मला तुझ्याकडून एक पत्र हवं आहे, त्याला वाचून दाखवायला. त्यात असं लिही: लोस आराबोसचा गिअरबॉक्स आला, उघडला, आतलं कवच तडकलेलं निघालं, बाहेरून दिसत नव्हतं. तो बसणार नाही. दुसरा मिळणार नाही. व्होल्गा आहे तोच राहील, आणि हा विषय तुझ्याकडून संपला. कारणं यंत्राची दे, बरोबर दे, एलादिओला गिअरबॉक्स कळतो. आणि नम्रपणे लिहू नकोस. मला उद्धट म्हण. म्हण की भूगोलाच्या मास्तरणीने तेल हुंगून गिअरबॉक्स निवडायचा नसतो. त्या वाक्यावर मी पत्र टेबलावर आपटेन. तुला काय वाटेल ते बोलेन, अर्धा तास तरी, आणि तो मला म्हणेल, जाऊ दे, ओतिलिया. मग तो जेवेल.

गाडी फुटपाथलाच राहील. रविवारी दुपारी आम्ही तिच्यात बसू, खिडक्या उघड्या टाकून. तो म्हणेल, उभी गाडी काय उपयोगाची, आणि मी म्हणेन, त्या सेवेरिनोला विचार.

लोस आराबोसचा डबा परत पाठवू नकोस. ज्याचा पाय गेलाय आणि डोळे शाबूत आहेत अशा कुणाच्या गाडीत बसव. तुझ्या खाटेखालचाही. निल्दाकडून यंत्र मी परत मागणार नाही, दिलेली वस्तू मागत नाहीत. मागायला गेले तर कारण सांगावं लागेल.

या पत्राला दोन उत्तरं नकोत. एकच, ठरल्याप्रमाणे, आणि हे पत्र वाचून झाल्यावर चुलीत घाल. लेखी नकार गुरुवार, २७ जानेवारीच्या आत, टपालाने, एलादिओच्या नावावर माझ्या पत्त्यावर पोचला पाहिजे. अक्षर मोठं काढायची गरज नाही. वाचणार मीच आहे.

ओतिलिया